आदल्या दिवसाचा वर्ग : प्रकल्प नोंदी

१० डिसेंबर

नव्या वर्गाचा आराखडा आज तिसऱ्यांदा फाडला. आठ शनिवार, दर शनिवारी संध्याकाळचे दोन तास, आणि विषय तीन : सामाजिक न्याय, इतिहास, शांततेची चळवळ. गेल्या खेपेला दर आठवड्याला एकेक मोठं नाव घेतलं होतं. माहिती खच्चून भरली, चित्रफिती दाखवल्या, लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटच्या दिवशी सतरा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "ताई, हे सगळे मोठे लोक होते. धैर्य त्यांच्या अंगातच होतं. मग आम्ही इथे येऊन शिकायचं काय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पण त्या प्रश्नाने तीन महिने पाठ सोडलेली नाही, आणि चूक तिच्या समजुतीत नव्हती, आमच्या मांडणीत होती. आम्ही फक्त तो दिवस दाखवत होतो, ज्या दिवशी मोर्चा निघाला, पाणी प्यायलं गेलं, जागा सोडायला नकार दिला गेला. त्या दिवसाच्या आधी कुणी किती बैठका घेतल्या, पत्रकं कुणी कापली, भीती वाटली तेव्हा कुणी कुणाला काय सांगितलं, हे आम्ही गाळलं होतं. खरं तर शिकता येण्यासारखं सगळं त्यातच असतं.

म्हणून या वेळी एकच प्रश्न भिंतीवर लावायचा : आदल्या दिवशी काय झालं?

१८ डिसेंबर

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बस बहिष्काराचा संच तयार करतेय. गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते : १ डिसेंबर १९५५, शिवणकाम करणारी एक थकलेली बाई, तिने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही, आणि चळवळ उभी राहिली. ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं अशीच सांगितली आहे. आता तिच्यातला 'थकलेली' हा शब्द मला टोचतो. रोझा पार्क्स १९४३ पासून नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेची चिटणीस होत्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर या लोकशाळेत दोन आठवड्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि माँटगोमेरीतच, त्याच वर्षी २ मार्चला, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने अशीच जागा सोडायला नकार दिला होता, तिला अटकही झाली होती. तिचं प्रकरण पुढाऱ्यांनी लावून धरलं नाही. पण पुढे ज्या खटल्याने बसमधली वेगळी आसनं बेकायदा ठरली, त्यातल्या फिर्यादींमध्ये ती होती.

बारा कार्डं केली आहेत. एका बाजूला घटना, मागची बाजू कोरी. तारखा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत.

२ जानेवारी

नावनोंदणी बावीस. सर्वांत लहान सोळा वर्षांचा, सर्वांत मोठ्या आजी एकाहत्तर वर्षांच्या. खोली मिळाली. खुर्च्या कमी पडतात, सतरंज्या आणायच्या.

११ जानेवारी : पहिला वर्ग

सुरुवात जॉन्स बेटावरच्या वर्गाने केली. हा वर्ग माझ्या फार जवळचा आहे. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या या बेटावर कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर आधी राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ईसॉ जेंकिन्स हे तिथले बसवाले. शहराकडे कामाला जाणाऱ्या प्रवाशांना ते जाता-येता बसमध्येच घटनेची कलमं शिकवू लागले. मग जानेवारी १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेच्या आणि हायलँडरच्या मदतीने प्रौढांचा वर्ग उघडला. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे कुणाला संशय नको. शिकवायला बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, बायकांच्या केशरचनेचा व्यवसाय करायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. समोरच्या चौदा जणांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला आपली सही करायची होती, कुणाला मुलाचं पत्र स्वतः वाचायचं होतं, कुणाला टपालाने वस्तू मागवायचा फॉर्म भरायचा होता. तिथून वर्ग सुरू झाला. भिंतीवर मात्र त्यांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा लावून ठेवला होता, कारण शेवटी प्रत्येकाला तो वाचता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

हे सांगून मीही चिठ्ठ्या वाटल्या : तुम्हाला इथे काय शिकायचंय ते लिहा. चिठ्ठ्या चांगल्या आल्या. "घरात भांडण न होता माझं मत सांगता यावं." "अर्ज असा लिहायचा की तो बाजूला टाकता येणार नाही." "युद्ध सुरू झालं की सगळे एकदम एका सुरात कसे बोलायला लागतात?" "माझ्या मुलाला इतिहास आवडत नाही, मला आवडायला लागला तर त्याला सांगेन."

एक चिठ्ठी कोरी होती. नीट चार घड्या घातलेली.

रात्री, चिठ्ठ्या वहीत चिकटवताना लक्षात आलं. ती आजींची होती. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी पेन्सिल दोनदा उचलली होती आणि ठेवली होती. मला वाटलं, विचार करताहेत. बर्निस रॉबिन्सनची गोष्ट सांगून झाल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती आणि मी लिहिता न येणाऱ्या बाईच्या हातात कागद दिला होता. हे इथे नोंदवून ठेवते, पुन्हा होऊ नये म्हणून. पुढच्या वर्गापासून सगळं काम जोडीत : एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, आणि कोण काय करणार ते जोडीने ठरवायचं. कुणाला का, हे विचारायचं नाही.

१८ जानेवारी : दुसरा वर्ग

बारा कार्डं जमिनीवर पसरली आणि सांगितलं, क्रम लावा. चार गट केले होते. चारही गटांनी रोझा पार्क्स यांचं कार्ड अगदी पहिलं ठेवलं. मग एकेक तारीख सांगत गेले तशी कार्डं सरकू लागली आणि पार्क्स यांच्या आधी सात कार्डं जाऊन बसली. गेल्या वेळच्या त्या सतरा वर्षांच्या मुलीने या वेळीही नाव नोंदवलंय. ती कार्डांकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्या एकट्या नव्हत्याच." एवढं ऐकलं आणि तीन महिन्यांचं ओझं थोडं हलकं झालं.

मग पत्रकांचं काम हातात घेतलं. पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तीन बसतील एवढाच मजकूर लिहिला, म्हणजे छापून झाल्यावर कापायचं काम तेवढं राहतं. सकाळपर्यंत गठ्ठे बांधून तयार. महिलांच्या राजकीय परिषदेने बहिष्काराचा विचार आधीपासून केला होता, वाटप कोण कुठे करणार तेही ठरलेलं होतं. आम्ही खोलीत तसंच करून पाहिलं : एका पानाच्या तिसऱ्या हिश्श्यात मावेल असा निरोप लिहायचा. काय, कधी, का, आणि वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं. सगळ्यांचा पहिला मजकूर पानभर झाला. 'का' लिहिताना हात थांबत नव्हता, 'काय करायचं' लिहिताना सुचत नव्हतं. तिसऱ्या खेपेला जमलं.

दुसरा भाग होता बहिष्काराच्या ३८१ दिवसांचा. लोक बसने जाणार नाहीत, मग कामावर कसे जाणार? मी फळ्यावर साधा नकाशा काढला आणि दर दहा मिनिटांनी अडचणीची एक चिठ्ठी टाकत गेले. अडचणी सगळ्या खऱ्या, तिथे घडलेल्या. टॅक्सीवाले स्वस्तात नेत होते, शहराने किमान भाड्याची सक्ती केली. मग लोकांनी आपापल्या मोटारी दिल्या, जवळपास तीनशे, तर पोलीस चालकांना बारीकसारीक कारणांवरून दंड करू लागले. गाड्यांचे विमे रद्द झाले. पुढाऱ्यांच्या घरांवर बाँब पडले. दर चिठ्ठीनंतर गटाने पुन्हा हिशोब मांडायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका एवढे गुंतले की वर्ग संपल्यावरही फळ्यासमोर उभे होते. म्हणाले, "मला वाटायचं चळवळ म्हणजे घोषणा. हे तर वेळापत्रक आहे."

हो काका, बरंचसं वेळापत्रकच असतं.

२५ जानेवारी : तिसरा वर्ग, महाड

या वर्गाची मला धास्ती होती, कारण महाडचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, निदान तसं वाटत असतं. म्हणून तळ्यापासून सुरुवात केलीच नाही. कागदांपासून केली.

पहिला कागद : १९२३. मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले. दुसरा कागद : १९२४. महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. दोन्ही वाचून दाखवले आणि विचारलं, आता पुढे काय झालं असेल? बहुतेकांनी सांगितलं, लोक पाणी भरू लागले असतील. हक्क मिळाला ना.

तीन वर्षं अस्पृश्य मानलेल्या कुणालाही तिथे पाणी भरता आलं नाही.

खोलीत जी शांतता पसरली, ती मला हवी होती. ठराव आणि ओंजळ यांच्यातलं हे तीन वर्षांचं अंतर कशाने भरलं, हा आजचा प्रश्न होता. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिने आधी वसतिगृह उघडलं, वाचनालय चालवलं. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कोकणात गावोगाव फिरले, माणसं जोडली, परिषदेसाठी बाबासाहेबांचा होकार मिळवला. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवं, तर गावात ते मिळेना. आयोजकांनी चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. पाण्याच्या हक्कासाठी जमलेल्या माणसांना पाणी विकत घ्यावं लागलं, हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना माझाच आवाज बसला. २० मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. परतल्यावर, हे लोक आता देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि मांडवातल्या, रस्त्यांवरच्या लोकांवर हल्ला झाला. संख्या होती, संतापही होता, तरी उलट हात उचलायचा नाही हे पाळलं गेलं. नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

एका गृहस्थांनी हात वर केला. "जुन्या जखमा कशाला उकरायच्या? आता पुढे बघू या की." त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता, खरंच वाटत होतं त्यांना तसं. पण दोघं-तिघं एकदम उसळले, आणि एक मुलगी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मी काही बोलणार तेवढ्यात आजी पहिल्यांदाच वर्गात बोलल्या. आवाज चढवला नाही. "दादा, जखम जुनी झाली की नाही, हे ज्याची जखम आहे त्याला विचारावं."

मी दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. घड्याळ लावून. मग प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं, दुसऱ्याला उत्तर द्यायचं नाही. दाराशी गेलेली मुलगी परत येऊन बसली. तिने वाक्य सांगितलं नाही, 'पुढे' एवढंच म्हणाली. तेही चालतं, असा नियम आजच केला.

२७ जानेवारी

त्या गृहस्थांना फोन केला. पुढच्या वेळी या, हे सांगायला. ते म्हणाले, "तुम्ही मला गप्प केलं नाहीत म्हणून येतो." मतभेद ठेवून माणूस वर्गात टिकला, तर वर्गाचा उपयोग आहे. सगळे आधीच एका मताचे असतील तर ती बैठक, वर्ग नव्हे.

१ फेब्रुवारी : चौथा वर्ग, तालीम

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतले जेम्स लॉसन यांची गोष्ट मराठी माणसाला सांगताना मला नेहमी एक वेगळी ओढ वाटते. कोरियाच्या युद्धाच्या काळात सैन्यात जायला नकार दिला म्हणून ते अमेरिकेत तेरा महिने तुरुंगात होते. सुटल्यावर १९५३ मध्ये नागपूरला आले, हिस्लॉप महाविद्यालयात काम करू लागले, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपुरातल्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर त्यांनी टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही मुलं तिथली.

त्या वर्गात ते चक्क तालीम करत. निम्म्यांनी दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसायचं, निम्म्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ओढायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. मग भूमिका बदलायच्या. हे आठवडे-आठवडे चाललं. फेब्रुवारी १९६० मध्ये मुलं खरोखर काउंटरवर जाऊन बसली, तेव्हा मार खाऊन, अटक होऊनही ती ढळली नाहीत. पकडलेल्यांच्या जागी लगेच दुसरी मुलं येऊन बसली. १० मेला नॅशव्हिलमधल्या सहा दुकानांतली काउंटरं सगळ्यांसाठी खुली झाली. लॉसन २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी गेले.

आम्हीही तालीम केली, आणि ती बिघडली. स्पर्श करायचा नाही, फक्त बोलायचं, असं मी सांगितलं होतं. बसलेल्यांत एक शांत स्वभावाची मुलगी होती. तिच्यावर ओरडायचं काम असलेला मुलगा आधी नुसता पुटपुटत होता. मग बाकीच्यांनी चेतवलं आणि त्याच्या तोंडून तिच्या रंगावरून, अंगावरून शब्द निघाले. खेळातले नव्हते ते, कुठेतरी ऐकून साठलेले होते. मुलगी ताठ बसून राहिली. मला वाटलं, छान करतेय. तिच्या मांडीवरची ओढणी मुठीत पिळवटलेली होती, ती मला उशिरा दिसली. मी थांबवलं तोवर बराच वेळ गेला होता. तीस सेकंदं असतील, पण तिच्यासाठी बराच वेळ.

मुलगा नंतर रडला. तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं हे माझ्यात आहे." मुलीने पाणी प्यायल्यावर सांगितलं, "मी खेळत नव्हते ताई. मला हे रोज ऐकायला मिळतं." ज्याला जे रोज सोसावं लागतं ते त्याला तालमीत पुन्हा सोसायला लावायचं नसतं. हे मला आधी कळायला हवं होतं. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण घडलं सगळ्यांसमोर होतं.

३ फेब्रुवारी

तालमीचे नियम नव्याने लिहिले. कुणीही 'थांबा' म्हटलं की सगळं तिथल्या तिथे थांबेल, कारण विचारलं जाणार नाही. सोसण्याची भूमिका कुणाला नेमून द्यायची नाही, ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. शिव्यांचे शब्द आम्ही आधी ठरवणार, कुणाच्या शरीरावर, जन्मावर जाणार नाहीत असे. एक माणूस फक्त बसलेल्यांच्या हातांकडे बघेल. आणि तालीम जेवढी, तेवढाच वेळ नंतर बोलण्यासाठी.

मुलीला हे वाचून दाखवलं. हातांकडे बघायचं काम तिने स्वतः मागून घेतलं.

८ फेब्रुवारी : पाचवा वर्ग, पायऱ्यांवर

दुपारी तीनला निरोप आला की खोली मिळणार नाही. ज्या संस्थेने दिली होती तिच्याकडे कुणीतरी तक्रार केली : इथे राजकारण शिकवतात. मी जाऊन सगळे विषय, सगळे कागद दाखवले. "तुमचं बरोबर असेल, पण आम्हाला त्रास नको," एवढंच उत्तर. मला राग आला, अजूनही आहे. न्यायाबद्दल बोलणं म्हणजे राजकारण आणि गप्प बसणं म्हणजे तटस्थपणा, ही वाटणी मला मान्य नाही.

इमारतीच्या पायऱ्यांवर बसलो. सतरा जण आले. ठरलेला विषय बाजूला ठेवून हायलँडरबद्दल बोललो, कारण त्याची वेळच होती. १९३२ मध्ये माइल्स हॉर्टन आणि सोबत्यांनी काढलेली ही शाळा. काळे-गोरे एकत्र बसून शिकतात, एका पंगतीत जेवतात, एवढ्याने ती डोळ्यांत सलू लागली. १९६१ मध्ये राज्याने तिची सनद काढून घेतली, इमारत आणि जमीन गेली. चालकांनी दुसऱ्या नावाने नवी सनद घेतली आणि नव्या शहरात काम चालू ठेवलं. जॉन्स बेटावरून निघालेले नागरिकत्वाचे वर्ग तोवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतले होते आणि ते दक्षिणेत सगळीकडे पसरले.

बँकेतल्या काकांनी पुढच्या शनिवारसाठी जागा शोधली. एका वाचनालयाची मागची खोली. खिडक्या दोन, पंखा एक.

१५ फेब्रुवारी : सहावा वर्ग, वाचनगटाच्या सह्या

१ मार्च १९५४. अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर २३ जण. त्यांपैकी बोटीचे बिनतारी यंत्रचालक कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. किरणोत्सारी मासे बाजारात आल्याचं कळल्यावर लोक मासे घेईनात आणि मासेविक्रेते हवालदिल झाले.

तोक्योच्या सुगिनामी भागात एक सार्वजनिक सभागृह होतं, आणि तिथे आदल्या वर्षापासून गृहिणींचा एक वाचनगट जमत असे. सभागृहाचे प्रमुख काओरू यासुई त्यांच्याबरोबर सामाजिक शास्त्रांची पुस्तकं वाचत. मासेवाल्यांचं गाऱ्हाणं तिथे पोचलं आणि या बायका हायड्रोजन बाँबवर बंदी घाला, अशा आवाहनावर सह्या गोळा करायला निघाल्या. दीडेक वर्षात देशभरातून तीन कोटींच्या वर सह्या झाल्या, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की बायका आधी वाचत होत्या. राख पडायच्या आधी. गट जुळलेला होता, एकमेकींशी असहमत व्हायची सवय लागलेली होती, म्हणून वेळ आली तेव्हा बाहेर पडता आलं.

काम दिलं : अशी तीन वाक्यं लिहा की ज्यावर तुमच्याशी न पटणारा शेजारीही सही करेल. सुगिनामीच्या आवाहनाने कुठल्याही एका पक्षाची बाजू घेतली नव्हती, हे आधी सांगितलं. सगळ्यांत अवघड काम हेच ठरलं. दोन गटांचं पहिलं वाक्यच असं होतं की निम्मे लोक दार लावून घेतील. 'जुन्या जखमा'वाले गृहस्थ या कामात विलक्षण उपयोगी पडले. प्रत्येक मजकूर आम्ही त्यांना वाचून दाखवत होतो आणि ते प्रामाणिकपणे सांगत होते, इथे मी सही करणार नाही, इथे करेन. आजींनी सांगितलेली आणि सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेली तीन वाक्यं त्यांना पटली.

२२ फेब्रुवारी : सातवा वर्ग

आज मुलंही आली होती, म्हणून दातांची गोष्ट. अणुचाचण्यांतून हवेत जाणारं स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत, दातांत जातं, कारण शरीर त्याला कॅल्शियमसारखंच वागवतं. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ पासून डॉ. लुईझ राइस आणि सोबत्यांनी लोकांकडून मुलांचे पडलेले दुधाचे दात मागवले. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. जवळपास तीन लाख वीस हजार दात जमले, आणि चाचण्या वाढल्या तसं दातांतलं प्रमाण वाढल्याचं मोजून दाखवता आलं. ५ ऑगस्ट १९६३ ला हवेत, पाण्यात आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. भूमिगत चाचण्या मात्र चालूच राहिल्या, हेही सांगितलं. मुलांना अर्धी गोष्ट सांगायची नाही. एका लहानग्याने तोंड उघडून हलणारा दात दाखवला आणि हा चालेल का, असं विचारलं.

मग न जमलेल्या गोष्टी. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभरच्या शेकडो शहरांत इराक युद्धाविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले. पाच आठवड्यांत युद्ध सुरू झालं. मग त्या मोर्चांचा उपयोग काय, असा थेट प्रश्न आला. मी गुळगुळीत उत्तर दिलं नाही. उत्तराऐवजी महाडला परत गेलो. डिसेंबर १९२७ मध्ये लोक पुन्हा तळ्यावर जायला जमले होते. विरोधकांनी न्यायालयातून मनाई आणली होती. मनुस्मृतीचं दहन झालं, पण हजारो लोक तयार असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं स्थगित केलं आणि न्यायालयात लढायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

काकांनी बोटांवर मोजलं. "पहिल्या ठरावापासून धरले तर चौदा वर्षं." कुणीच काही बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता.

१ मार्च : आठवा वर्ग

आज माझं बोलणं नव्हतं. प्रत्येक जोडीने आपण पाहिलेला किंवा घरात ऐकलेला एक 'आदला दिवस' सांगायचा. कुणी वसतिगृहातल्या मुलींनी फाटक रात्री उघडं ठेवायला लावलं त्याची गोष्ट सांगितली, कुणी वडिलांच्या कारखान्यातल्या संपाची. त्या शांत मुलीने सांगितलं की वर्गात टोमणे मारणाऱ्यांपुढे ती पहिल्यांदा बोलली, त्याच्या आदल्या रात्री तिने आरशासमोर बसून सराव केला होता. हातांकडे बघत.

आजी शेवटी बोलल्या. तरुणपणी त्या एका दवाखान्यात सफाईचं काम करायच्या. सात बायका. कपडे बदलायला जागा नव्हती, जिन्याखाली आडोसा करून बदलायच्या. साहेबांकडे अर्ज द्यायचं ठरलं. लिहिता कुणालाच येत नव्हतं. एकीच्या भाच्याने लिहून दिला. मग अंगठ्याचा प्रश्न आला. जिचा अंगठा सर्वांत वर, तिला आधी काढून टाकतील. पुढारी हीच, असं म्हणतील. रात्रभर त्यावर बोलणं झालं.

"मग मी म्हटलं, ओळीने उठवायचेच कशाला? गोल उठवू." आजींनी टेबलावर बोटाने गोल काढला. "ताटलीभोवती वाट्या ठेवाव्यात तसे. मधे अर्ज आणि भोवती सात अंगठे. वर कोण, खाली कोण, कळतच नाही."

खोली मिळाली का, असं कुणीतरी विचारलं. "मिळाली की. दार नव्हतं. दारासाठी परत अर्ज."

हे मी कधी कुठे वाचलं नव्हतं. जहाजांवरचे खलाशी कप्तानाकडे तक्रार करताना अशाच गोल सह्या करत, हे मला माहीत होतं. पण या सात बायकांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी ते एका रात्रीत स्वतः शोधलं होतं. सोळा वर्षांचा मुलगा वहीत गोल काढत होता. ध्वनिमुद्रण त्याने केलंय, उतरवून काढायचं कामही तोच करणार आहे, आजींना वाचून दाखवूनच अंतिम करायचं.

५ मार्च

हिशोब पूर्ण. बावीसपैकी अठरा जण शेवटपर्यंत होते. न टिकलेल्या चौघांना फोन करायचे आहेत, कारण विचारायला, परत बोलवायला नव्हे. जुन्या खोलीच्या संस्थेला पत्र लिहिलं : तीन ओळींचं, त्यांना सही करता येईल असं. अठरा सह्या गोल.

पुढचा वर्ग जूनमध्ये. पहिले दोन शनिवार ती सतरा वर्षांची मुलगी आणि आजी मिळून चालवणार आहेत. काल दोघी तयारीला बसल्या होत्या. कार्डं तपासली, पायऱ्यांवर बसायची वेळ आलीच तर सतरंज्या कुठे असतील ते ठरवलं. निघताना आजींनी मला बजावलं, "आणि पहिल्या दिवशी चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत."

वहीत लिहून घेतलं.